केतकीचा श्वास

अमरावती,
९ नोव्हेंबर २०२५

दादा,

नमस्कार घे. आत्ता घ्यायचा नसेल तर टेबलावर ठेव, नंतर घे.

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलं आहेस आणि फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पाकीट मागितलं तर खिडकीतली बाई माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी ढब्बू पैसा मोडायला आले आहे.

भांडायला लिहीत नाही. भांडायला आता दमही नाही. शाळेतून निवृत्त झाले, तरी सकाळ-संध्याकाळ मुली पेटी शिकायला येतात. त्यांच्या आया चपलांजवळ बसून मोबाइल पाहतात आणि मी सा लावून देते. गुडघे दुखतात. हे सगळं तुला सांगायचं काही कारण नाही, पण दुसरं कोण आहे ऐकायला?

आता कामाचं. आजोबांचा चित्रपट सापडला आहे.

सगळा नाही, एक तुकडा. इथल्या कॉलेजात चारुता म्हणून एक बाई शिकवतात, चाळिशीच्या आहेत, जुन्या चित्रपटांवर काम करतात. त्यांनी तो शोधला. मला विचारायला आल्या तेव्हा मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. तुला ठाऊक असलेलंच आहे, पण काही चुकलं असेल तर तू दुरुस्त करशील.

मी सांगितलं की 'संगीत केतकीविलास' हे नाटक एके काळी वऱ्हाडात लोकांना तोंडपाठ होतं. माळ्याची मुलगी केतकी आणि वाट चुकून बागेत आलेला राजपुत्र, एवढीच गोष्ट. त्यावर दोन चित्रपट निघाले. पहिला शंभर वर्षांपूर्वीचा, मुका. रंगभूमीवर केतकी करणारा पुरुष नटच त्यात साडी नेसून केतकी झाला. नंतर नऊ-दहा वर्षांनी बोलपट आला, त्यात केतकीला बाई होती. पण मुक्या चित्रपटात गाणी कुठून येणार? आणि गाण्यांशिवाय केतकीविलास पाहायला आपले लोक तयार नव्हते. म्हणून गावोगाव तंबू ठोकून चित्रपट दाखवणाऱ्या तंबूवाल्याने पडद्यामागे गाणारे बसवले. त्यातले एक आपले आजोबा. अमरावती, अकोला, रिद्धपूरची जत्रा, जिथे तंबू जाईल तिथे आजोबा. पडद्यावर केतकीचे ओठ हलायचे आणि मागून आजोबा गायचे. ते त्यांनी पुढे बाबांना शिकवलं, बाबांनी आपल्याला. राजपुत्र तुला, केतकी मला.

सापडलेला तुकडा बागेतल्या दोघांच्या पदाचा आहे. तो का उरला ते ऐकून मला हसू आलं. लोक नाटकातल्यासारखा इथेही वन्स मोअर द्यायचे, आणि रीळ मागे फिरवेपर्यंत शिट्ट्या मारून तंबू डोक्यावर घ्यायचे. म्हणून तंबूवाल्याने तेवढ्या प्रवेशाची वेगळी प्रत करून ठेवली होती. वन्स मोअर आला की ती लावायची. बाकीचा चित्रपट गेला, वन्स मोअर तेवढा उरला.

चारुताबाई तो १० जानेवारीला दाखवणार आहेत, आणि तेही तुमच्या अकोल्यात. त्यांना पडद्याबरोबर गाणारे हवेत, पूर्वीसारखे. दादा, आपली चाल आता दोनच गळ्यांत आहे. तू ये. मी अमरावतीहून येते, तुला तर ऑटोने दहा मिनिटं.

शैलावहिनींना नमस्कार. तुला वर दिला आहेच.

रागिणी


अमरावती,
२२ नोव्हेंबर

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझं गप्प बसणं मला नवीन नाही.

काल मी तो तुकडा पाहिला. पाहिला तेव्हा मी उभी होते आणि चारुताबाईंनी पटकन खुर्ची पुढे केली, म्हणून तूही आधी बस आणि मग वाच.

आपण कशावरून भांडलो हे मी कोणाला सांगत नाही. घरगुती आहे म्हणते. लोक समजतात की वाटणीचं काहीतरी असेल, आणि मान हलवतात. खरं सांगितलं तर हसतील. 'वळुनि पाहशी का रे' हे ते पद. 'वळुनि' म्हणायचं आणि थांबायचं. तबला चालू, पेटी चालू, गळा बंद. दोन आवर्तनं तसंच बसायचं आणि मग 'पाहशी का रे'. बाबा त्याला केतकीचा श्वास म्हणायचे. राजपुत्र पाठमोरा चालला आहे, तो वळून बघतो की नाही म्हणून तिने श्वास धरला आहे, असं सांगायचे आणि सांगता सांगता त्यांचेच डोळे भरायचे.

छापील नाटकात ही जागा नाही. बोलपटाची तबकडी तू नागपूरच्या जुन्या बाजारातून शोधून आणलीस, तिच्यातही नाही. मग तू ठरवून टाकलंस, आणि वकिली थाटात मला सुनावलंस की आजोबा ओळ विसरायचे आणि बाबांनी त्या विसरण्याचं घराणं केलं.

बाबांच्या पहिल्या पुण्यतिथीला आपण दोघं गायला बसलो. 'वळुनि' म्हणून मी थांबले आणि त्या जागेत तू तान घेतलीस. तान चांगली होती, ते मला तेव्हाही कळलं होतं. लोकांनी वन्स मोअर दिला. मी तंबोरा खाली ठेवला, स्टेजवरून उतरले आणि चालत घरी आले. अकरा वर्षं झाली. अमरावती ते अकोला असं किती अंतर आहे? बस दोन-अडीच तासांत पोचते. पण ना तू आलास, ना मी.

आता काल काय झालं ते सांगते. कॉम्प्युटरवरच पाहिलं. वरून खाली रेघाच रेघा. बागेतली कुंडी खरी आणि झाड रंगवलेलं. केतकीच्या गालावर दाढीची सावली होती, पण तो नट इतका मनापासून लाजत होता की थोड्या वेळाने ती दिसेनाशी झाली. चारुताबाई म्हणाल्या, "गा ना." मी हळू आवाजात सुरू केलं. केतकीचे ओठ आणि माझे शब्द जुळायला लागले. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मी 'वळुनि' म्हटलं आणि पडद्यावरून केतकी गेली. काळी पाटी आली, अक्षरांची. मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी, चार ओळी, एकाखाली एक. "केतकी, पुनवेच्या आत मी परत येईन."

पाटी हलेचना. मला वाटलं कॉम्प्युटर अडकला. डोक्यात ठेका चालू होता, तो मी नुसता मोजत बसले. दोन आवर्तनं झाली, पाटी गेली, केतकी परत आली आणि तिचे ओठ म्हणाले, 'पाहशी का रे'.

चारुताबाईंनी मग समजावलं. तंबूत वाचता येणारे असे किती असणार? म्हणून तंबूवाला एक वाचणारा ठेवायचा. तो उभा राहून पाटी आधी मराठीत ओरडून वाचायचा, मग हिंदीत. तेवढा वेळ गाणाऱ्यांनी गप्प बसायचं. एक आवर्तन मराठीचं आणि एक हिंदीचं.

बोलपटात माणसं पडद्यावरच बोलायला लागली, पाट्या गेल्या, थांबायची गरजही गेली. राहिली फक्त आपल्या घरात. आजोबा विसरत नव्हते, दादा. आणि केतकीनेही कसला श्वास धरला नव्हता. दुसऱ्याला बोलू देण्यासाठी आजोबा थांबत होते, बस्स. तू चुकलास, मी चुकले, आणि बाबा तर डोळे भरून चुकले. पडदा नाही, चित्र नाही, आणि आपण आयुष्यभर मूकपट गात बसलो. वर त्यावरून बोलणंही टाकलं.

मी शाळेतल्या मुलींना वर्षानुवर्षं सांगितलं की या जागी केतकीचा जीव टांगणीला लागला आहे. एक मुलगी आंतरशालेय स्पर्धेत त्या जागेत खरोखर रडली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं. आता ती बडनेऱ्याला असते, दोन मुलांची आई आहे. तिला काय सांगू?

हसलास का? हसला असशील तर ये. राजपुत्राशिवाय मला गाता येईल, पण गावंसं वाटत नाही.

रागिणी


अमरावती,
३ डिसेंबर

दादा,

काल शैलावहिनी येऊन गेल्या. तुला सांगणार नाही अशी शपथ त्यांनी मला घातली आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

त्यांच्या भाचीचं डोहाळजेवण होतं इकडे. तिथून वाट वाकडी करून आल्या. चहा समोर तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "रागिणीताई, यांना गा म्हणून लिहू नका हो. पत्र आलं की दोन-दोनदा वाचतात आणि मग जेवत नाहीत."

मी म्हटलं, "जेवायला मी कुठे अडवलं? यावं आणि गावं."

तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. "गेल्या वर्षीच्या दिवाळीत यांच्या घशातली गाठ काढली. गाठ वाईट होती. आता काही नाही म्हणतात डॉक्टर, पण आवाज गेला. नुसती खरखर येते. घरात सगळं लिहूनच देऊन राहिले."

फोन का उचलत नाहीस, ते कळलं. ब्लॉकचंही कळलं. तू सगळ्यांनाच केलं आहेस, कारण लोक गाणी पाठवायचे. शेजारच्या घरातून तंबोरा ऐकू आला तरी तू उठून गच्चीवर जातोस म्हणे. वहिनी म्हणाल्या, "गाणं ऐकणंच सोडलं यांनी. मी स्वयंपाक करताना गुणगुणले तरी हाताने नको म्हणतात."

मला तुझा राग आला आहे. फार आला आहे. तू आजारी असताना तेरा महिने मी तुला मनातल्या मनात शिव्या घालत होते, की कसा माजला आहे हा माणूस, उत्तर द्यायची सुद्धा तसदी घेत नाही. शिव्या घालायला समोरचा धडधाकट असावा लागतो, दादा. एवढं तरी कळवायचं होतंस. ऑपरेशनच्या खोलीबाहेर वहिनी एकट्या बसल्या होत्या, तुमचा मुलगा गौरांग ऑस्ट्रेलियातून फोनवर, आणि सख्खी बहीण अमरावतीत पेटी शिकवत होती. मला सांगितलं असतंस तर मी भांडत भांडत का होईना, आले असते. रात्रभर त्या बाकावर बसले असते. मला तू परक्यांहून परकी केलीस.

आणि फेब्रुवारीत मी अकोल्यात होते, हे तुला माहीत नाही. एका लग्नाला आले होते. ऑटो तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आणला आणि ऑटोवाल्याला म्हटलं, चल रे परत, पत्ता चुकला. तू तेव्हा आत बसून कागदावर लिहीत असशील.

वहिनी गेल्यावर मी रडले. संध्याकाळच्या मुली आल्या, त्यांना सांगितलं की कांदा चिरत होते. एकीने विचारलं, "बाई, आज काय भाजी?"

तुझा गळा गेला, दादा. तो गळा.

रागिणी


अमरावती,
११ डिसेंबर

दादा,

डोमाजी आले होते शेंदूरजन्याहून. आता फार थकलेत, पण संत्र्याची पिशवी स्वतः उचलून जिना चढतात. बाबांना साथ केलेला एवढा एकच तबलजी उरला आहे. तुझ्या गळ्याचं कळल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "वकीलसायेबाचा गया म्हंजे काय गया होता, बाई. देवानं बी कोन्ती वस्तू उचलली पाहा."

नंतर आम्ही जरा बसलो गाऊन बघायला. राजपुत्राच्या ओळी मीच घेतल्या, त्यात फार अडलं नाही. पण 'वळुनि' नंतर डोमाजी वैतागले. "त्या खाली जागेत मी काय करू? निरा ठेकाच देत बसू काय? लोक म्हनतीन, बुढा झोपला."

त्यांचं खरं आहे. आता जागा कशाची आहे ते माहीत झाल्यावर ती रिकामी ठेवणं खोटं वाटतं. पाट्या कोणीतरी वाचायला हव्यात, पूर्वीसारख्या. चारुताबाईंनी रेडिओवरचा एक निवेदक सुचवला. त्याचा आवाज ऐकला. शिऱ्यात साखर जास्त झाल्यासारखा आहे. मी नको म्हटलं.

दादा, तू वाच.

थांब, कागद फाडू नकोस. मी वहिनींना विचारलं आहे. डॉक्टरांनी थोडं बोलायला परवानगी दिली आहे, उलट बोला म्हणाले आहेत, तूच बोलत नाहीस. पाट्या मोजक्याच आहेत. खरखर असू दे. तंबूत बिडीच्या धुरात उभं राहून ओरडणाऱ्याला कोणी सूर विचारत नव्हतं.

मी दयेपोटी बोलावते आहे असं तुला वाटेल. तुझ्यावर दया करण्याइतकी मी अजून चांगली झालेली नाही. मला अजूनही त्या तानेचा राग आहे. तुझी माफी मागत नाही आणि तुझ्याकडूनही मागत नाही. मला एवढंच वाटतं की आता आपण दोघंच उरलो. आई नाही, बाबा नाहीत, आणि आपल्यानंतर हे पद कसं होतं हे सांगणारं कोणी नाही. मला एकटीला गायचा कंटाळा आला आहे, दादा. रोज सकाळी सा लावताना कंटाळा येतो. मला माझा भाऊ हवा आहे. तो गाणारा असो, वाचणारा असो, नाहीतर खुर्चीत बसून नुसता घसा खाकरणारा असो.

डोमाजींचा निरोप जसाच्या तसा देते. "वकीलसायेबाले सांगा, डोमाजीनं बलावलं म्हना. मले त्याहीच्याशिवाय करमून नाई राह्यलं."

संत्री वहिनींच्या भाचीबरोबर पाठवते आहे. घशाला चालत नसतील तर वहिनींना दे.

रागिणी


अमरावती,
२९ डिसेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एका शब्दासाठी आख्खं कार्ड खर्च केलंस. "पाहू."

बाबा पाहू म्हणाले की आपण समजायचो, नाही. सहलीला जाऊ? पाहू. नवीन तंबोरा? पाहू. तू त्यांचाच मुलगा आहेस, म्हणून मी फार आशा ठेवलेली नाही. तरी अक्षर बघून बरं वाटलं. 'ह'चं पोट अजून तसंच मोठं काढतोस.

पाट्यांची नक्कल सोबत जोडली आहे. मोठ्या अक्षरात करून घेतली, तुझा चष्मा मला माहीत आहे. हिंदीसकट. नाही आलास तर चारुताबाई वाचतील.

थंडी आहे. मफलर घाल.

रागिणी


अमरावती,
११ जानेवारी २०२६

दादा,

काल आपण एका सभागृहात दीड तास होतो आणि आज मी तुला पत्र लिहिते आहे. लोक वेडी म्हणतील. पण काल तुला वहिनींनी बोलू दिलं नाही आणि मला बोलता आलं नाही.

पडदा वर जायला पाच मिनिटं असताना तू आलास. माकडटोपी, मफलर आणि वर वकिली काळा कोट. मी आधी ओळखलंच नाही. किती वाळला आहेस. तू डोमाजींना नमस्कार केलास, माझ्याकडे बघून मान हलवलीस आणि डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसलास. मी तंबोरा लावायच्या निमित्ताने खाली बघत राहिले.

पहिल्या पाटीला तू उठलास. दादा, वहिनींनी सांगितलं होतं तरी माझी तयारी नव्हती. पत्र्यावरून खाट ओढावी तसा आवाज आला. माइकमुळे तो आणखीच मोठा झाला. मागच्या रांगेत कॉलेजची पोरं होती, त्यांच्यातला एक फिसकन हसला, मग आणखी दोघं. मला वाटलं, झालं, आता हा कागद टाकून निघून जाणार. माझ्यामुळे झालं. मी कशाला याला चारचौघांत उभं केलं? पण तू मान वर केली नाहीस. मराठी वाचलंस, दम घेतलास, हिंदी वाचलंस आणि बसलास. दुसऱ्या पाटीला पुन्हा उठलास. तिसऱ्या पाटीला हसायला कोणी उरलं नव्हतं.

मग पद आलं. मी 'वळुनि' म्हटलं आणि थांबले.

"केतकी, पुनवेच्या आत मी परत येईन."

त्या जागेत मी आयुष्यभर गप्प बसले आहे. कोणासाठी, ते काल पहिल्यांदा ऐकलं. डोमाजींनी ठेका अगदी बारीक केला होता. तू हिंदीची ओळ घेतलीस, "केतकी, पूनम से पहले मैं लौट" आणि तिथे तुझा आवाज संपला. ओठ हलत होते, माइकमधून नुसती हवा येत होती. मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. वाक्य पुरं होईल म्हणून वाट बघत राहिले. पडद्यावरून पाटी गेली, केतकी आली, माझी सम निघून गेली, आणि भानावर आल्यावर मी 'पाहशी का रे' कुठूनतरी धरलं. पुढे सावरलं.

लोकांनी वन्स मोअर दिला. तंबूवाल्याची ती प्रत ज्यासाठी केली होती, त्यासाठीच शंभर वर्षांनी पुन्हा लागली. दुसऱ्या वेळी तू मराठी तेवढं वाचलंस आणि हिंदीच्या आवर्तनात कागद मांडीवर ठेवून शांत बसलास. तेही छान वाटलं.

नंतर काय कौतुक झालं! चारुताबाई रडत होत्या. एका बाईंनी माझे पाय धरले. सोनेरी चष्म्यातले एक गृहस्थ मुद्दाम पुढे आले आणि म्हणाले, "पहिल्या वेळी त्या जागेनंतर तुम्ही किंचित मागे रेंगाळलात, त्यात काय विरह होता हो! मुद्दाम केलंत ना?" मी हो म्हटलं. आता ते दहा जणांना सांगतील आणि पुढेमागे कोणीतरी त्यालाही नाव ठेवेल. बाबांना जाऊन भेटले की सांगेन.

मग तू आलास. वहिनी तुझा दंड धरून ओढत होत्या, "चला, आज पुष्कळ बोललात, घसा धरेल." तू मफलर खाली केलास. मी काहीतरी चांगलं ऐकायला कान पुढे केला. तू म्हणालास,

"सम चुकवलीस."

एवढंच. आणि वहिनींनी तुला गाडीत घातलं.

मी बसस्टँडपर्यंतच्या ऑटोत रडत होते. ऑटोवाला म्हणाला, "काय झालं माय, तब्येत बरी नाई काय?" मी म्हटलं, भावाने चूक काढली. तो म्हणाला, "त्यात काय रडाचं? भाऊ असाच असते."

अकरा वर्षं मी गाते आहे आणि अकरा वर्षं लोक मला वा म्हणत आहेत. शाळेत वा, गणपतीत वा, गॅदरिंगला वा. किती ठिकाणी घसरले असेन. एकानेही सांगितलं नाही, कारण एकालाही कळलं नाही, किंवा कळलं तरी म्हाताऱ्या बाईला कोण बोलणार? काल साडेतीनशे माणसं खूश होऊन घरी गेली आणि तुला तेवढं खटकलं. म्हणजे तू ऐकत होतास. उठून गच्चीवर गेला नाहीस. मफलरच्या आत कान उघडे ठेवून तू प्रत्येक मात्रा मोजत होतास, लबाडा.

मंगळवारी सकाळच्या बसने येते आहे. वहिनींना सांग, दोन दिवस राहीन, आणि जेवायला आहे.

रागिणी